‘एएन-३२चा मागमूसच नाही’ हे खरं नाही

‘२०१६ साली बंगालच्या उपसागरावर गायब झालेल्या हवाई दलाच्या मालवाहू विमानाचा एक तुकडाही मिळाला नाही’ हा मेसेज परवा मीही पुढे पाठवला. चूक झाली.

२२ जुलैला २९ जणांना घेऊन चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं ते एएन-३२. चेन्नईपासून ३१० किलोमीटरवर, ३,४०० मीटर खोल तळाशी अवशेष दिसल्याचं संरक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्येच जाहीर केलंय. राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेच्या पाण्याखालच्या स्वयंचलित यानाने सोनार यंत्रणेने, म्हणजे ध्वनिलहरींनी, तळ चाळला, फोटो काढले. ते एएन-३२शी जुळले. मंत्रालयाने ‘बहुधा’ म्हटलंय खरं, पण तिथे दुसरं विमान बेपत्ता झाल्याची नोंदच नाही.

घरच्यांनी साडेसात वर्षं वाट पाहिली हो. तो मेसेज पुढे ढकलू नका. ढकलला असेल तर डिलीट करा.