माकडांत सासर नसतं

गेल्या महिन्यात दादाने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. जपान्यांनी माकडांना शिस्त लावली, तिथली माकडं रताळी धुऊन खातात. आपण मात्र मारुती म्हणून डोक्यावर बसवली आणि कोकणातल्या बागा घालवल्या. खाली त्याची स्वतःची पुरवणी : ‘बाय, तुमच्याकडचा बंदोबस्त पाठव जरा.’

मी तेव्हा इथे जपानात जळाऊ कचऱ्याची पिशवी घेऊन खाली निघाले होते. कचऱ्यावर कावळ्यांसाठीची जाळी नीट ओढली नाही तर शेजारच्या आजी चकार शब्द न बोलता स्वतः येऊन ओढतात. त्यापेक्षा ओरडलेलं बरं. जिन्यातच उभं राहून दादाला लांबलचक उत्तर लिहिलं.

रताळी धुवायला कुणी शिकवलं नाही रे. मियाझाकीकडच्या कोशिमा बेटावर क्योतोचे माकडांचे अभ्यासक किंजी इमानिशी यांची मंडळी १९५२ पासून रताळी टाकत होती, माकडं झाडीतून बाहेर यावीत, नीट दिसावीत म्हणून. १९५३ मध्ये इमो नावाच्या दीड वर्षाच्या मादीने माती लागलेलं रताळं पाण्यात बुडवलं. ते पहिल्यांदा हेरलं सात्सुए मितो या तिथल्याच शिक्षिकेने. मग इमोची सवंगडी धुवायला लागली, तिची आई लागली. थोराड नर बहुतेक मातीसकटच खात राहिले. (हे मुद्दाम लिहिलं. दादाने अजून स्वतःचं ताट विसळलेलं नाही.)

आणि बंदोबस्त? ओइताजवळच्या ताकासाकीयामा डोंगरावरची माकडं शेतं ओरबाडायची, म्हणून १९५० च्या दशकात तिथल्या महापौरांनी त्यांना डोंगरातच खाऊ घालायला सुरुवात केली. दोनशेच्या आसपास होती, ती पुढे दोन हजारांवर गेली. आज इथला शेतकरी विजेचं कुंपण घालतो, फटाके उडवतो, आणि तरी देशभरात दरवर्षी हजारो माकडं मारली जातात.

‘मारतात ना? मग मी काय वेगळं म्हणतोय!’ दादा.

ठाण्याच्या मावसबहिणीने ‘त्यांच्या जंगलात आपण घुसलोय’ असं लिहून हात जोडले. तिच्या बाल्कनीला कबुतरांसाठी जाळी आहे.

दादाचा बेत असा, की पिंजरा लावून टोळीचा हुप्प्या उचलायचा आणि घाटापलीकडे सोडायचा. म्होरक्या गेला की बाकीची आपोआप पांगतील. हे वाचून माझं डोकं फिरलं, कारण याचं उत्तर साठ वर्षांपूर्वी आपल्या उंबऱ्यावरच मिळालेलं आहे, आणि ते मला इथे येऊन कळलं. क्योतोचेच एक अभ्यासक युकिमारू सुगियामा १९६१ मध्ये धारवाडला गेले. बेळगाव ओलांडलं की धारवाड. तिथली वानरं, म्हणजे आपलीच काळतोंडी, त्यांनी टोळीटोळीने पाहिली. १९६२ मध्ये बाहेरच्या नरांनी एका टोळीच्या हुप्प्याला हाकललं, त्यातला एक मालक होऊन बसला आणि थोड्याच दिवसांत टोळीतली पिल्लं त्याचे चावे लागून मेली. पिल्लं गेलेल्या माद्या त्याच नराशी जुगल्या. सुगियामांनी मग दुसऱ्या एका टोळीचा एकुलता हुप्प्या मुद्दाम उचलून पाहिला. शेजारच्या टोळीचा नर आला, आणि पुन्हा पिल्लांवरच बेतलं. टोळी कुठे पांगली नाही. पुष्कळांनी ही विकृती म्हणून सोडून दिली. पण जोधपूरला एस. एम. मोहनोत यांना तेच दिसलं, आणि सारा हर्डी यांनी अबूच्या वानरांवरून त्यामागचं गणित मांडलं : अंगावरचं पिल्लू गेल्याने मादी लवकर मोकळी झाली की नव्या नराची स्वतःची पिल्लं लवकर होतात. त्यावर भांडणं पुष्कळ झाली. पण निदान झाडाखाली बसून पाहिल्यावर झाली.

‘आमच्याकडे आधी वर्षानुवर्षं बघतात आणि मग बोलतात,’ असा शेवट केला मी.

‘आमच्याकडे म्हणजे कुठे गं?’ दादाने विचारलं. आणि लगेच, ‘सातबाऱ्यावर नाव तरी आहे का तुझं?’

नाही. बाबा गेल्यावर दहा दिवसांच्या सुट्टीत हक्कसोडपत्रावर सही करून आले. कुणी मागितलीही नव्हती. मीच म्हटलं, लांबून कटकट नको. वहिनीने साडी दिली. तेव्हापासून बागेविषयी माझी मतं फार वाढली आहेत, आणि सगळी फुकट.

माकडांत हे असं होत नाही. इथल्या माकडांत काय, आपल्या वानरांत काय, घर सोडून जातो तो नर. मुली आईच्या टोळीत जन्म काढतात. इथल्या माकडांत तर लेकीचा मान आईच्या खालोखाल, हेही इमानिशींच्याच माणसांनी शोधलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कोतात्सूत, म्हणजे इथल्या पांघरूण घातलेल्या गरम टेबलाखाली, पाय घालून बसले होते आणि का कोण जाणे, आईला फोन लावला. तिला म्हटलं, फणसाला किती लागलेत?

दादाला शेवटी एवढंच लिहिलं : पिंजऱ्याआधी महिनाभर बघ तरी, कोण कुणाची आहे ते. त्याने अंगठा टाकला.

परवा वहिनीचा फोन होता. दादा सकाळी चहा घेऊन पडवीत बसतो म्हणे, वांदर मोजत. एका कान फाटलेल्या मादीला नावही ठेवलंय. ‘छबू,’ असं सांगून ती हसत सुटली. मला घरी छबू म्हणतात. ‘फणसावरून हलतच नाही गं ती.’

पिंजरा मागवला का, ते विचारायचं राहूनच गेलं.