तुमचा कुत्रा फ्रेंडली असेल हो, माझा म्हातारा आहे

आज सकाळी परत तेच झालं. या सीझनमधली ही सातवी वेळ, मी मोजतेय, आणि आता लिहून काढल्याशिवाय माझं डोकं शांत होणार नाही.

पावणेसात वाजलेले, बाहेर ४ डिग्री. खंड्याला, म्हणजे आमच्या कुत्र्याला, आरव्हीतून (आमच्या राहत्या गाडीतून) खाली उतरवायला चार-पाच मिनिटं लागतात. मागच्या पायांत जोर उरला नाहीये, म्हणून त्याला पाठीवर हँडल असलेला हार्नेस घालतो, मी ते हँडल धरून त्याचं निम्मं वजन उचलते, तो रॅम्पवर एक पाय टाकतो, थांबतो, माझ्याकडे वळून बघतो, मग दुसरा टाकतो. चौदा वर्षांचा आहे, लॅब मिक्स, ३१ किलो. खाली उतरला, दहाबारा पावलं चालला, क्रिओसोटच्या झुडपापाशी बराच वेळ हुंगला, दोन गोल फेऱ्या मारल्या आणि एकदाचा बसायला लागला, तेवढ्यात मागून एक तरणाबांड कुत्रा सुसाट आला आणि धाडकन त्याच्या अंगावर. खंड्याला ऐकू येत नाही. मागून कोणी येतंय हे त्याला कळलंच नाही. पाय चारी दिशांना फाकले आणि तो पोटावर पडला, त्या टोकदार खडीवर, आणि असा ओरडला की माझ्या पोटात गोळा आला. आणि मालक? साठ-सत्तर पावलांवर उभा, हातात कॉफीचा मग, ना हातात पट्टा ना कुत्र्याच्या गळ्यात, आणि तिथूनच ओरडतोय, "डोन्ट वरी, ही इज फ्रेंडली!"

अरे तुझा फ्रेंडली आहे ते मला दिसतंय रे! मी कुठे म्हटलं तो चावायला आला? पण माझ्या कुत्र्याच्या कमरेत संधिवात आहे, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, तो पडला की स्वतःहून उठू शकत नाही, त्याला तुझ्या कुत्र्याच्या मैत्रीचं काय करायचंय? आणि तो घाबरून एकदा जरी चावला ना, तर सगळ्या वस्तीत नाव कोणाचं होईल? त्याचंच. म्हातारा डेंजरस आहे म्हणतील.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही मिशिगनमध्ये राहतो, दोघंही रिटायर झालोय, गेली चार वर्षं हिवाळ्यात ॲरिझोनात येतो, क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेला ला पोसा म्हणून सरकारी जमीन आहे, तिथे. हायवे ९५ च्या दोन्ही अंगांना पसरलेलं अकरा हजार एकरांहून मोठं वाळवंट. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा सीझन, सीझनचं परमिट घ्यायचं की सातही महिने राहता येतं. लाइट-पाण्याचं कनेक्शन नाही, सगळं आपलं आपण: छतावर सोलर, टाकीत पाणी, सांडपाण्याची टाकी भरली की ती रिकामी करायला डम्प स्टेशनला फेरी. आम्हाला आवडतं ते. पण आता येतो ते खंड्यासाठी. मिशिगनमध्ये जानेवारीत दाराबाहेर बर्फ, त्यावर त्याचे पाय घसरतात, थंडीने सांधे धरतात, सकाळी उठताना कण्हतो. इथे दुपारी १८-२० डिग्री, कोरडी हवा, ऊन. दुपारी चटईवर कूस वर करून पडतो आणि संध्याकाळी तोच कुत्रा अर्धा किलोमीटर स्वतःच्या पायाने चालतो. ते बघण्यासाठी आम्ही दोन हजार मैलांच्या वर गाडी हाकत येतो. रात्री फर्नेस, म्हणजे गाडीतला हीटर, लावून ठेवतो, त्याच्या पंख्यापायी बॅटरी पहाटेपर्यंत अर्ध्यावर येते, चालतं. सगळं चालतं. कोणीतरी पट्टा सोडून दिलेला कुत्रा नाही चालत.

आणि नियम नाहीत असंही नाही हो. परमिटबरोबर कागद मिळतो त्यावर छापलंय: जनावर ६ फुटांच्या पट्ट्यावर ठेवायचं. वेग ताशी १५ मैल. रात्री १० ते सकाळी ६ शांतता. दोन गाड्यांमध्ये निदान १५ फूट अंतर. साध्या इंग्रजीत, ठळक अक्षरात. आमच्यासारखी इंग्रजी दुसरी भाषा असलेली माणसं तो कागद वाचतात आणि ज्यांची ती मातृभाषा आहे ते म्हणतात, ओह, इट्स द डेझर्ट, लेट देम बी फ्री! फ्री म्हणजे काय? तुमच्या कुत्र्याने मोकळं फिरायचं आणि माझ्या कुत्र्याने त्याची जबर किंमत मोजायची?

मागच्या महिन्यातलं ऐका. असाच एक आला, खेळायला, म्हणून खंड्या बाजूला सरकायला गेला आणि चोयावर कलंडला. चोया माहीत नसेल तर, निवडुंगाचा एक प्रकार, लांबून अगदी लव असल्यासारखा मऊ दिसतो, जरासा धक्का लागला की कांड्याच सुटून येतात. काट्यांना उलटी कुसं असतात, आत गेला की बाहेर यायला तयार नाही. हाताने ओढायचं नाही, नाहीतर हातालाच चिकटतो. इथे प्रत्येकाच्या खिशात एक मोठ्या दातांचा कंगवा असतो त्यासाठीच. कांडं कंगव्याने उडवलं, पण पंजाच्या गादीत आणि ओठाच्या आतल्या बाजूला काटे मोडून राहिले होते. नवऱ्याने डोकं मांडीवर घेऊन जबडा धरला आणि मी कपाळाला टॉर्च बांधून चिमट्याने एकेक काढत बसले, पाऊण तास. तेवीस काटे. तो थरथरत होता पण एकदाही माझ्या हाताला दात लावला नाही. मधेच माझा हात चाटायला बघत होता, त्या रक्ताळलेल्या ओठाने. आणि ज्याच्या कुत्र्याने हे केलं तो कधीच निघून गेला होता. त्याला वाटलं असेल दोघं छान खेळले.

धुळीचंही बोलते, कारण तेही याच माणसांचं. त्या चार चाकी साइड-बाय-साइड, म्हणजे वाळवंटात पळवायच्या छोट्या उघड्या गाड्या, घेऊन आमच्या चटईपासून दहा पावलांवरून चाळीसच्या स्पीडने जातात आणि मागे धुळीचा लोट. ॲरिझोनाच्या मातीत एक बुरशी असते, तिच्यामुळे व्हॅली फीव्हर होतो, माणसांना आणि कुत्र्यांनाही, कुत्री जमिनीलाच नाक लावून असतात ना. खोकला, ताप, जेवण सोडणं, आणि हाडात उतरला तर लंगडतात. म्हणजे आधीच लंगडणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला तो झाला तर मला कळणार कसा? गेल्या वर्षी तो दोन दिवस पुढचा पाय उचलून चालला तेव्हा मी रात्रभर झोपले नाही. रक्त तपासलं, सुदैवाने नव्हता. झालाच असता तर सहा-सहा महिने, वर्षभर औषध चालतं. कोणाला घाई असते या वाळवंटात, मला खरंच सांगा, इथे सगळे रिटायर झालेले, कुठे पोचायचं असतं यांना?

आज मी त्या माणसाला म्हटलं, प्लीज, पट्टा बांधा. शांतपणे म्हटलं. तर त्याने खंड्याकडे बघितलं, तो अजून जमिनीवरच होता, मी त्याच्या पोटाखालून टॉवेल घालून उचलत होते, आणि तो म्हणतो, "मेबी इट्स टाइम."

माझ्या हातापायातलं त्राणच गेलं. तू कोण ठरवणारा? गेली चौदा वर्षं हा माझ्या घरात आहे. माझी आई गेली तेव्हा मी इथे अमेरिकेत होते, तिकिट मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं, त्या रात्री हा माझ्या पायाशी बसून होता, हललाही नाही. तो जेवतो, मला बघून शेपूट हलवतो, ऊन शोधून पडतो, संध्याकाळी मी पट्टा हातात घेतला की स्वतः दाराशी येऊन उभा राहतो. वेळ झाली की आम्हाला कळेल, त्याच्या डॉक्टरांना कळेल. तुझा कुत्रा तुला आवरत नाही म्हणून माझ्या कुत्र्याने मरायचं का?

आणि एक बाई गेल्या आठवड्यात म्हणाली, तुमच्या इंडियात तर कुत्री मोकळीच असतात ना. हो असतात. मी आटपाडीकडची, आमच्या गल्लीतही होती. पण ती दिवसभर माणसांत आणि एकमेकांत वाढलेली, म्हातारं कुत्रं निजलेलं असलं तर लांबून वास घेऊन वळसा घालून जायची. वर्षभर चार भिंतींत ठेवलेला आणि महिन्याभरासाठी अचानक सोडून दिलेला कुत्रा तसा नसतो. त्यात त्या कुत्र्याची चूक नाही हेही मला कळतं. मला राग त्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जो असायला हवा त्याचा येतो.

कॅम्प होस्टना सांगून झालंय. तेही आपल्यासारखेच पिकलेल्या केसांचे व्हॉलंटियर, एवढ्या एकरांत कुठेकुठे पुरे पडणार, त्यांना मी बोल लावत नाही. जागा दोनदा बदलली, पार आत एका ओढ्याच्या कोरड्या पात्रापाशी गेलो, चार दिवसांनी तिथेही शेजारी आलेच, तीन कुत्र्यांसह.

दुपारपासून खंड्या उठलेला नाही. पाणी मी वाटी तोंडाशी धरून पाजलं. गॅबापेंटिन, त्याची दुखण्यावरची गोळी, दिलंय, मागच्या डाव्या पायाला हात लावू देत नाहीये, उद्याही असाच राहिला तर ब्लाइथला किंवा पार्करला डॉक्टर गाठायला लागेल. उद्यापासून पाच वाजता उठणार, सगळ्यांच्या आधी, अंधारात. गोळी त्याच्याही बरीच आधी द्यावी लागेल मग, अंगात भिनायला एक-दोन तास लागतात. नवरा आत्ता बाहेर आहे, टॉर्च घेऊन रॅम्पपासून त्या झुडपापर्यंतचे मोठे दगड वेचून बाजूला टाकतोय.