पॅनमध्ये पाणी चढलं त्या रात्रीबद्दल

नमस्कार. तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू वाचला, दोनदा वाचला. इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमच्या चार तक्रारी आधी सांगतो. आंब्याचा पल्प कमी दाबाखाली आटवायच्या व्हॅक्यूम पॅनसाठी आमच्याकडून घेतलेला कंडेन्सर (पॅनमधल्या वाफेवर गार पाणी मारून तिचं पाणी करणारं भांडं) मे महिन्यात ६५० मिलिमीटर पाऱ्याच्या वर व्हॅक्यूम देत नाही. एका रात्री वीज गेली तेव्हा कंडेन्सरचं पाणी उलटं पॅनमध्ये शिरलं आणि ४०० लिटर पल्प वाया गेला. तीन दिवस आमचा फोन कुणी उचलला नाही. आणि शेवटी, ‘वाफेवर थेट पाणी मारायची ही आजोबांच्या काळातली पद्धत गळ्यात मारली, शेल-ट्यूब द्यायला हवा होता.’ शेल-ट्यूब म्हणजे ज्यात वाफ आणि पाणी यांच्यामध्ये नळ्यांची भिंत असते तो कंडेन्सर.

फोनचं आधी. आमचे दोन्ही फिटर धोंड, म्हणजे लईराई देवीचं व्रत धरणारे भक्त आहेत. गोव्यातल्या शिरगावच्या लईराईच्या जत्रेचे दिवस होते, दोघेही व्रताला बसलेले. पण फोन माझ्या खिशात होता आणि मी काही व्रताला बसलो नव्हतो. नंबर बघून ‘फिटर आल्यावर बोलू’ असं मनाशी म्हणत राहिलो. चुकलं.

सोमवारी तुमच्या शेडमध्ये आलो तेव्हा जे मोजलं ते तुमच्यासमोरच मोजलं. तरी इथं लिहितो, कारण कुंडईपासून वेर्ण्यापर्यंत हाच कंडेन्सर वापरणारे आमचे आणखी ग्राहक आहेत आणि त्यांनाही हा प्रश्न मे महिन्यातच पडतो.

तुम्हाला शंका होती ती गळतीची. म्हणून पॅन कोरडा, थंड केला, पंपानं ७०० पर्यंत ओढला, सगळे व्हॉल्व्ह बंद केले आणि चहा घेतला. अर्ध्या तासानं काटा ६९० वर होता. एवढी गळती कुठल्याही चालत्या पॅनला असते, ती व्हॅक्यूम पंप सहज उचलतो. म्हणजे दोष गळतीचा नव्हता. मग कंडेन्सरला पाणी देणाऱ्या टाकीत थर्मामीटर सोडला. दुपारचे अडीच वाजलेले, पाणी ३८ अंश.

खरं दुखणं इथं आहे. कंडेन्सर उष्णता खाऊन टाकत नाही, तो ती पाण्यात ढकलतो. ६९० च्या व्हॅक्यूमला एक किलो वाफ सुमारे १५ घनमीटर जागा व्यापते आणि गार पाणी लागलं की तिचं एक लिटर पाणी होतं. ती रिकामी पडलेली जागा म्हणजेच तुमचा व्हॅक्यूम. पंप फक्त आत शिरलेली हवा बाहेर काढतो. बऱ्याच जणांना वाटतं व्हॅक्यूम पंप बनवतो, म्हणून काटा उतरला की पहिली शिवी पंपाला बसते. तुम्ही निदान आम्हाला दिलीत.

आता तुमच्या पॅनचा हिशेब. तासाला ३०० किलो वाफ निघते. आम्ही डिझाइन केलं ते ३२ अंशांच्या २०,००० लिटर पाण्यावर, म्हणजे किलोला ६५-६७ लिटर. ते पाणी साधारण ४०.५ अंशांनी बाहेर पडतं, त्यावर चार अंशांची तफावत धरली तर वाफ ४४.५ ला गार होते आणि काटा ६९० दाखवतो. फेब्रुवारीत चाचणी घेतली तेव्हा एवढाच दाखवत होता, तुमची सही त्या कागदावर आहे. सोमवारी पाणी आत जात होतं ३८ ला. वाफेवर पाणी मारणाऱ्या सहापैकी दोन नोझल बंद, त्यामुळे प्रवाह १५,००० वर आलेला. थोड्या पाण्यावर तेवढाच बोजा, म्हणून ते ११-१२ अंशांनी तापतं, ४९.५ ला बाहेर पडतं, वर चार. झाले साडेत्रेपन्न. साडेत्रेपन्न अंशांला काटा ६५० च दाखवणार, तिथं देवाला नारळ ठेवूनही उपयोग नाही. आणि पॅनमधला रस नऊ अंश जास्त तापतो, रंग गडद होतो. मानकुराद आंब्याचा तो केशरी रंग गेला की माल कोण विचारतो, हे मला तुम्ही सांगायची गरज नाही.

पाणी ३८ ला का गेलं? तीनशे किलो वाफ म्हणजे सुमारे २०० किलोवॉट उष्णता सतत तुमच्या ३०,००० लिटरच्या टाकीत उतरते. टाकीचं पाणी हवेत उडवून गार करणारे फवारे पूर्ण बंद ठेवले तर ती टाकी तासाला पावणेसहा अंशांनी तापेल. तुमचे फवारे अर्धे बंद होते, तुषार काजूच्या पोत्यांवर येतात म्हणून. तुमची अडचण खरी आहे, पण त्याचा भुर्दंड कंडेन्सरवर पडला. त्यात मे महिन्यातली आपली हवा. त्या दुपारी वेट बल्ब, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान, २७ होतं. फवारा काय, कूलिंग टॉवर काय, त्याच्या खाली कुणीच पाणी नेऊ शकत नाही. चांगला टॉवर चार-पाच अंश वर थांबतो. म्हणजे ३२ हा आकडा मी हवेतून काढलेला नव्हता, हवेनंच दिलेला होता. टॉवर कोटेशनमध्ये होता, तुम्ही तो काढलात. तो तुमचा निर्णय, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण त्याचा एक तारा मी घेणार नाही.

नोझलचंही तसंच. फिटरनं उघडलेला पहिला नोझल तुम्ही हातात घेतला होता. आत हिरवं शेवाळ, त्यात अडकलेली काजूच्या पानाची शीर, आणि शिरेच्या मागे आंब्याच्या रेषा. पान टाकीतून आलं, कारण पाण्यातला कचरा अडवणारी स्ट्रेनरची जाळी काढून ठेवलेली. रेषा आल्या पॅनमधून.

त्या रेषांबद्दल मात्र बोलायला हवं. टाकीच्या पाण्याला आंबूस वास येतो, असं तुम्ही रिव्ह्यूत एका ओळीत लिहिलंय. ती ओळ मला सगळ्यात जास्त लागली, कारण ती बरोबर आहे. वाफ आणि पाणी एकत्र येणारच असतील तर वाफेबरोबर उडालेला रस पाण्यात जाणारच. पॅन खुणेच्या वर भरला, उकळी जोरात घेतली, तर जास्त जातो. खुणेपर्यंतच भरला तर कमी. पण शून्य कधीच नाही. हे विकताना मी सांगितलं नव्हतं. वाफेच्या तोंडाशी थेंब अडवणारी जाळी आहे, ती पुरेशी आहे असं मी गृहीत धरलं. आंब्याच्या फेसाला ती पुरत नाही, एवढं आता कळलं. ते गोड पाणी नाल्यात सोडू नका, टाकी आठवड्याला बदलताना माडांच्या आळ्यात घाला.

आता तुमचा मुख्य मुद्दा, आजोबांच्या काळातली पद्धत. आजोबांच्याही आधीची आहे. न्यूकॉमेननं १७१२ मध्ये सिलिंडरच्या पोटातच गार पाण्याचा फवारा मारला होता, वॉटनं १७६५ मध्ये ती गार करायची जागा सिलिंडरपासून वेगळी काढायचं सुचवलं. आजही साखर कारखान्यात पॅनच्या वर उंचावर जे मोठं भांडं दिसतं, तो हाच कंडेन्सर. जुनी म्हणून वाईट असं काही नसतं. कुठं काय लावायचं एवढाच प्रश्न. फेणीच्या भाटीवर बघा. भाणातली (रस उकळायच्या मडक्यातली) वाफ नळीतून लवणीत (फेणी गोळा होते त्या मडक्यात) येते आणि गार पाणी ओततात ते लवणीच्या बाहेरून. आत एक थेंब गेला तर मालच पातळ. कारण तिथं वाफ हाच माल. तुमच्या पॅनमधून निघणारी वाफ म्हणजे आंब्यातलं पाणी, ते तुम्हाला नकोच आहे. मग मध्ये तांब्याची किंवा स्टीलची भिंत कशाला? भिंत आली की तिच्यावर क्षार बसतात, तुमच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, आणि दर वर्षी ट्यूबा घासायला माणूस लावा. उद्या तुम्हाला आंब्याचा सुगंध वाफेतून पकडून विकायचा असेल तर मीच म्हणेन, शेल-ट्यूब घ्या. ३८ अंशांच्या पाण्यावर शेल-ट्यूबनंही ६५० च दिला असता, भिंतीमुळे कदाचित थोडा कमीच.

पण शेल-ट्यूब असता तर त्या रात्री पॅनमध्ये पाणी चढलं नसतं. हे मी मान्य करतो, आणि हा सगळा मजकूर खरं तर त्यासाठीच लिहायला बसलो.

असा कंडेन्सर सुरक्षित ठेवायची साधी रीत म्हणजे तो उंच टांगायचा. वातावरणाचा दाब पाण्याला जास्तीत जास्त १०.३३ मीटर वर ढकलतो, ६९० ला तर ९.४ मीटरच. खालच्या हॉटवेलपासून (वापरलेलं पाणी पडतं त्या कुंडापासून) कंडेन्सरपर्यंत ११ मीटर सरळ टेल पाइप असेल तर वीज जावो, पंप बंद पडो, पाणी पाइपातच थांबतं, वर येऊच शकत नाही. तुमची शेड ७ मीटरची. बाहेर मनोरा उभारायला तुम्ही तयार नव्हता, पावसाळ्यातल्या वाऱ्याची भीती वाटत होती, तीही रास्त. म्हणून कंडेन्सर खालीच बसवला आणि पाणी ओढून काढायला खाली पंप दिला. त्या रचनेत एक गोष्ट लागतेच: पातळी वाढली की तरंगता गोळा उचलून आपोआप हवा आत घेणारा ब्रेकर. कोटेशनमध्ये तो होता. भाव खाली आणताना तुम्ही विचारलंत, ‘हा काढला तर चालेल का?’ आणि मी म्हटलं, हाताचा व्हॉल्व्ह देतो, माणूस उभा असतोच.

माणूस उभा नव्हता. वीज गेली, तुमचा ऑपरेटर जनरेटरकडे धावला, जे कुणीही करेल. पाणी आत देणारा आणि ओढून काढणारा असे दोन्ही पंप थांबले, पण व्हॅक्यूम थांबला नाही. टाकी नोझलच्या चार मीटर खाली आणि ६५० चा व्हॅक्यूम पावणेनऊ मीटर ओढतो, त्यामुळे पंपाशिवायही पाणी आत येतच राहिलं. ६०० मिलिमीटरच्या त्या भांड्यात वाफेच्या तोंडापर्यंत साडेपाचशे लिटर मावतं. मिनिटाला शंभर लिटर धरा, पाच-सहा मिनिटं. तो टॉर्च घेऊन शिडीवर चढून व्हॉल्व्हपर्यंत पोचला तेव्हा पाणी वाफेच्या पाइपातून पॅनमध्ये उतरत होतं. पोरगा बिचारा अजून घाबरलेला आहे. त्याला बोलू नका. शिडीवरचा व्हॉल्व्ह मी दिला, त्याचा पगार त्याबद्दल कापला जाऊ नये.

तुम्ही विचारलं होतं, मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. तुम्ही आंब्याचे, मी कंडेन्सरचा.

म्हणून असं करतो. ब्रेकर आणि पाणी आत येण्याच्या लाइनवर वीज गेली की आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह, दोन्ही आमच्या खर्चानं. त्या रात्रीच्या ४०० लिटर पल्पचे पैसे तुमच्या राहिलेल्या बिलातून वजा, बिल कमी पडलं तर वरचे मी देतो. थेंब अडवणारी जाळी दाट बसवून देतो, तिचेही पैसे नाहीत. फवारे मात्र पूर्ण चालू करा, पोती हलवा किंवा मध्ये पत्रा लावा. पुढच्या मोसमात ३२ अंशांचं, २०,००० लिटर पाणी मिळूनही ६९० आला नाही, तर कंडेन्सर पूर्ण किमतीला परत घेईन. तारे तुम्ही वाढवा अथवा वाढवू नका.

गुरुवारी सकाळी आठला फिटर येतील. टाकी आदल्या रात्री रिकामी करून ठेवा, आणि स्ट्रेनरची जाळी कुठं काढून ठेवलीय ती शोधा. नाही सापडली तर नवी आणतो, पण तिचे पैसे बिलात लागतील.