दगडांनी मारण्याची ती ‘लॉटरी’ खरी नाही

“अमेरिकेतल्या एका गावात १९४८पर्यंत दरवर्षी २७ जूनला चिठ्ठी काढून एकाला दगडांनी ठेचून मारायचे,” असा मेसेज ग्रुपवर फिरतोय. अशी प्रथा नव्हती. ही अमेरिकन लेखिका शर्ली जॅक्सन यांची ‘द लॉटरी’ ही काल्पनिक कथा, ‘द न्यूयॉर्कर’च्या २६ जून १९४८च्या अंकात छापलेली. काळी पेटी, काळ्या ठिपक्याची चिठ्ठी, आईला मारायला चिमुरड्या डेव्हीच्या हातात दिलेले खडे, सगळं त्यातलंच. गल्लत तेव्हाही झाली होती. त्या उन्हाळ्यात जॅक्सन यांना वाचकांची ३००हून जास्त पत्रं आली. ही लॉटरी कुठे होते, बघायला येता येईल का, असंही काहींनी विचारलं! जॅक्सन यांनीच ते नंतर व्याख्यानात सांगितलंय. (मला कथेपेक्षा ती पत्रं जास्त हादरवतात.) तेव्हा हा मेसेज पुढे ढकलू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर कथेचं नाव टाका.