साथीच्या गणितात रोजंदारीवाला कुठाय?

साथ कशी पसरते याचं जे गणित आजही सगळीकडे शिकवतात ते १९२७ मधलं, करमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन शास्त्रज्ञांचं, आणि ते ताडून बघायला त्यांनी आकडे घेतले होते आपल्या मुंबईचे, डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधल्या प्लेगच्या मृत्यूंचे. लोकांचे तीन गट: अजून लागण न झालेले, लागण झालेले, आणि बरे झालेले किंवा गेलेले. गणित सुंदरच आहे, पण त्यात कोणीही कोणालाही सारख्याच शक्यतेने भेटतो असं धरलंय. मुंबईत असं कधी असतं का?

कोरोनाच्या साथीतला जुलै २०२० चा मुंबईचा सिरो सर्व्हे आठवा, म्हणजे रक्त तपासून किती जणांना लागण होऊन गेली ते बघणारी पाहणी. माटुंगा, चेंबूर पश्चिम, दहिसर हे तीन वॉर्ड. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांमधे अँटीबॉडी (लागण होऊन गेल्याची रक्तातली खूण) सापडल्या, बिल्डिंगांमधे १६ टक्के. वॉर्ड तेच, व्हायरस तोच! फरक खोलीत किती माणसं झोपतात आणि संडास सार्वजनिक आहे का याचा.

जीडीपीचंही, म्हणजे देशाच्या एकूण उत्पादनाचंही तसंच, एका आकड्यात सगळे सारखे धरले की फरक दिसत नाही. एप्रिल ते जून २०२० मधे २३.९ टक्के घसरण (पहिला अंदाज) हा आकडा सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच तिमाहीत शेती ३.४ टक्के वाढली आणि बांधकाम निम्म्यावर आलं, म्हणजे नाक्यावर उभा राहणारा बिगारी आणि गवंडी सगळ्यात आधी कामाविना घरी बसला.

त्याच वर्षी आयकेनबॉम, रेबेलो आणि ट्राबांट या अर्थतज्ज्ञांनी साथ आणि अर्थव्यवस्था एकाच मॉडेलमधे, म्हणजे एकाच गणिती मांडणीत बांधली. माणसं घाबरून आपणहून खरेदी आणि काम कमी करतात, त्याने साथ मंदावते पण मंदीही येते. हे मला अगदी पटतं. १८९६-९७ च्या प्लेगमधे कुठे देशभर लॉकडाऊन होता, तरी लोक लाखांनी मुंबई सोडून गेले आणि गिरण्यांना कामगार मिळेनात. पण घाबरून घरी बसायलाही गाठीला पैसे लागतात ना, आणि त्या मूळ मॉडेलमधे सगळी माणसं सारखीच आहेत.

म्हणून मला वाटतं की रोजंदारीवाल्याच्या हातात वेळेवर दिलेली रोख रक्कम ही नुसती मदत नाही, ती साथ रोखण्याचाच भाग आहे आणि मॉडेलमधे ती तशीच धरायला हवी. जनगणनेत खोल्या किती, संडास घरात की बाहेर, पाणी कुठून आणता हे विचारतातच की. तेच आकडे घ्या आणि कुठल्या वस्तीत पैसे आणि रेशन किती दिवस आधी पोचायला हवेत ते काढा, पुढची साथ यायच्या आत.