शेंडा कुणी खाल्ला ते आधी बघा

‘सुप्याच्या माळावर बोरी-हिवराची रोपं चिंकारा वर येऊच देत नाहीत’ हे लेखातलं वाक्य पटलं नाही. आमच्या पडीक रानात गेल्या पावसाळ्यात चाळीसेक हिवर लावले होते, दिवाळीपर्यंत निम्म्यांचे शेंडे गायब. मीही आधी हरणांनाच शिव्या घातल्या. मग उकिडवा बसून नीट बघितलं. काडी वीतभर उंचीवर चाकूने तिरकी छाटावी तशी कापलेली, बाजूला वाटाण्याएवढ्या गोल लेंड्या. म्हणजे ससा! चिंकाराला वरचे पुढचे दात नसतात. तो शेंडा ओढून तोडतो, त्यामुळे टोक चिंध्या झाल्यासारखं फाटकं राहतं.

शिवाय मुळं धरलेली बोर खाल्ल्याने सहसा मरत नाही. खालून चार फांद्या फुटतात, काट्यांची उशी होते आणि एखाद वर्षी मधला कोंब तोंडाच्या टप्प्याबाहेर निसटतो. मरतात ती पहिल्या उन्हाळ्यातली रोपं, मुळं खोल जायच्या आत ओरबाडलेली. तरवडाला मात्र कुणी तोंड लावत नाही, म्हणून चराईच्या माळावर तोच मिरवतो. आणि एवढ्या मोठ्या लेखात शेळ्यांचा उल्लेख एकदाही नाही, हे कसं काय?