मुलांचा युरॉलॉजिस्ट ही काय नवी टूम?

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पीडियाट्रिक युरॉलॉजी ही अलीकडे बिलं फुगवायला काढलेली शाखा आहे, मुलांचे लघवीचे आजार मोठ्यांसारखेच, फक्त हत्यारं लहान, आणि सोनोग्राफीत जरा काही दिसलं की मुलाला टेबलावर घेतात.

‘अलीकडे’ म्हणजे कधी? अमेरिकी युरॉलॉजिस्ट मेरेडिथ कॅम्पबेल यांचा या विषयावरचा दोन खंडांचा ग्रंथ १९३७चा. अमेरिकेत या डॉक्टरांची संघटना १९५१मध्ये निघाली. स्वतंत्र प्रमाणपत्र तिथे २००८मध्ये आलं, तेवढ्यापुरतं फॉरवर्डवाल्याला मान्य करू.

दुसरा मुद्दा जास्त घातक आहे. मोठ्यांत प्रोस्टेट, खडे, कॅन्सर. मुलांत मात्र बरेचसे दोष जन्मजात. काही मुलग्यांच्या मूत्रमार्गात पडद्यासारखी झडप असते. तिचे प्रकार अमेरिकी युरॉलॉजिस्ट ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९१९मध्येच पाडले होते. गर्भातलं मूत्राशय या अडथळ्यापुढे जोर लावत राहतं, त्याची भिंत जाड होते, दाब मूत्रपिंडापर्यंत चढतो. जन्मानंतर दुर्बिणीतून झडप काढली तरी मूत्राशय बिघडलेलंच राहू शकतं, म्हणून पुढे वर्षानुवर्षं मूत्रपिंडांवर नजर ठेवावी लागते. लहान हत्यार यात काय करणार?

मोठ्यांकडून उसनवारी झालीच नाही असं नाही. जॅक लॅपिडिस मोठ्यांचे युरॉलॉजिस्ट. ठरावीक वेळाने नुसत्या स्वच्छ, निर्जंतुक न केलेल्या कॅथेटरने, म्हणजे मूत्राशयात घालायच्या बारीक नळीने, ते रिकामं करता येतं, हे त्यांनी १९७२मध्ये मांडलं. मणक्याच्या जन्मजात दोषामुळे लघवीवर ताबा नसलेल्या मुलांना त्याचा मोठा फायदा झाला. त्याआधी अनेकांच्या पोटावर लघवीची कायमची पिशवी लागायची. १९८०मध्ये फ्रान्सच्या पॉल मित्रोफानॉफ यांनी तर अपेंडिक्सचीच नळी करून कॅथेटरसाठी पोटावरून वाट काढली.

उठसूट ऑपरेशनचा आरोप? एके काळी त्यात तथ्य होतं. लघवी मूत्राशयातून उलटी मूत्रपिंडाकडे जाते त्याला रिफ्लक्स म्हणतात. १९५८मध्ये पोलिटानो आणि लेडबेटर यांनी त्यावरची शस्त्रक्रिया मांडली, आणि पुढे ती सढळ हाताने होऊ लागली. मग याच शाखेने मुलांचा पाठपुरावा केला, तेव्हा दिसलं की सौम्य रिफ्लक्स मूल वाढेल तसा बहुधा आपोआप जातो. गर्भात दिसलेली मूत्रपिंडाची सौम्य सूजही बहुतेकदा ओसरते; तिला फेरसोनोग्राफी पुरते. तीव्र रिफ्लक्स आणि वारंवार तापाचा संसर्ग असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार आजही होतो.